अभ्रकचा शेवटचा पापुद्रा

आसगावचं पोस्ट साधनाताईंच्या घरातच आहे. समोरच्या खोलीत टेबल, शिक्के, वजनकाटा आणि अंगठा घ्यायचं यंत्र. मधल्या दाराला पडदा, आणि पडद्यामागे ताईंचं घर. वडील भोजराज याच टेबलावर बसायचे. ते नोकरीत असतानाच वारले आणि त्यांची जागा साधनाताईंना मिळाली. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या, आता चव्वेचाळीसच्या आहेत. लग्नाची बोलणी दोन ठिकाणी सुरू झाली होती, पण मधेच आई रत्नाबाईला अर्धांगवायू झाला आणि पुढची बोलणी करायला घरात कोणी राहिलं नाही. धाकटा भाऊ अमर पुण्याला नोकरीला लागला तो तिकडचाच झाला. आई अठरा वर्षं खाटेवर होती. ती दोन वर्षांपूर्वी गेली. आता दुपारी दीडला पोस्टाचं दार लावलं, की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ताईंना बोलायला माणूस नसतं.

गावाला त्यांच्याबद्दल सगळं ठाऊक आहे, एक गोष्ट सोडून. आतल्या खोलीतल्या कपाटात, सगळ्यांत खालच्या खणात, आईच्या लुगड्यांखाली कॉमिक्सचे एकसष्ट अंक आहेत. सगळे एकाच हिरोचे, हिंदीतले. हिरोचं नाव अभ्रक.

अभ्रक हा खाणीतला मजूर. खाण कोसळते, तो अकरा दिवस आत अडकून राहतो आणि बाहेर येतो तेव्हा त्याच्या अंगावर चकचकीत थर चढलेले असतात. गोळी लागत नाही, आग लागत नाही. पण शक्ती वापरली की दर वेळी अंगावरचा एक पापुद्रा गळून पडतो आणि पुन्हा येत नाही. सुरुवातीला शंभर पापुद्रे होते. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर, खाली कोपऱ्यात, आता किती उरले तो आकडा छापलेला असे. भोजराज पवनीच्या बसस्टँडवरून अंक आणायचे तेव्हा साधना आणि अमर आधी शेवटचं पान उघडायचे. अमर आठवीत गेल्यावर क्रिकेटकडे वळला. साधना वळली नाही.

तिची मतं पक्की होती. बाकीच्या हिरोंचं काही संपतच नाही, तर त्यांचं शौर्य कशाचं, असं ती म्हणायची. हरायची भीती वाचणाऱ्याला वाटते, त्यांना कुठं वाटते? अभ्रक मात्र प्रत्येक ठोशाआधी थांबतो. त्याच्या चेहऱ्यावर विचार दिसतो. पंचविसाव्या अंकापासून चित्रकार बदलला आणि त्यानं अभ्रकचे दंड फुगवून ठेवले, चेहरा मात्र पुसट केला. हे तिला कधीच पटलं नाही. बाराव्या अंकात अभ्रकची बायको रागावून माहेरी जाते, ती एकसष्टाव्यापर्यंत परत येत नाही आणि तिचं काय झालं हे कोणी विचारतही नाही. यावर साधनानं संपादकांना तीन पत्रं लिहिली. एकही छापलं नाही.

छापलं ते अडतिसाव्या अंकावरचं. त्या अंकात खाणीत पाणी घुसतं. भस्मक नावाचा खलनायक, ज्यानं अभ्रकला आयुष्यभर छळलं, तो एका खांबाखाली दबलेला असतो. अभ्रकजवळ एकोणतीस पापुद्रे उरलेले असतात. तो थांबतो, विचार करतो आणि एक पापुद्रा खर्चून भस्मकला बाहेर काढतो. पंधरा वर्षांच्या साधनानं लिहिलं, की आजवरचा हा सगळ्यांत चांगला अंक आहे, कारण अभ्रकनं माणूस कोण आहे हे पाहिलं नाही. खाली लिहिलं, 'साधना, आसगाव, जि. भंडारा'.

चाळिसाव्या अंकात ते पत्र आलं. बेचाळिसाव्यात त्याला उत्तर आलं. 'आसगावच्या साधनाजींना सांगा, की भस्मकनं बाहेर येऊन पुढच्याच अंकात एक गाव जाळलं. जो मोजत नाही तो हिरो नव्हे, येडा आहे. मनिष, बपेरा, जि. भंडारा.'

आपल्याच जिल्ह्याचं नाव पाहून साधना चकित झाली. बपेरा म्हणजे तुमसरच्याही पलीकडे, मध्य प्रदेशाच्या सीमेवर. तिनं तिकडचं काहीच पाहिलं नव्हतं. तिनं उत्तर लिहिलं, जो मोजतो तो हिरो नव्हे, दुकानदार आहे. ते चव्वेचाळिसाव्यात आलं. मग मनिषचं सेहेचाळिसाव्यात. एका पत्राला उत्तर मिळायला चार-पाच महिने लागत. मधल्या काळात साधना त्याचं उत्तर काय येईल ते ताडून त्यावरचं आपलं उत्तर तयार ठेवायची. बऱ्याचदा त्याचं उत्तर तिनं ताडल्यापेक्षा वेगळं असायचं. तेव्हा तिला फार बरं वाटायचं.

एकदा मनिषनं थेट घरी पोस्टकार्ड पाठवलं. ते अर्थातच भोजराजच्याच हाती पडलं. संध्याकाळी त्यांनी ते जेवताना तिच्या पाटाजवळ ठेवलं.

"कोण आहे हा?"

"कॉमिक्समधी पत्र लिहिते तो. मी पण लिहितो ना, त्याले."

भोजराजनी कार्ड आधीच वाचलं होतं. त्यात अभ्रकशिवाय काही नव्हतं. पण कार्ड वरून खाली उघडंच, आणि ते पवनीहून येताना चार जणांनी वाचलेलं.

"पुस्तकात छापून येते ते येऊ दे," ते म्हणाले. "घरी कार्ड नको, बेटा. पोस्टवाल्याच्याच पोरीले कार्ड येऊन राहिले, असं लोक बोलतीन."

ते रागावले नव्हते. साधनानं कार्डाला उत्तर दिलं नाही. पुढचं भांडण पुन्हा छापील पानावरच झालं आणि मनिषनंही कार्डाचा विषय कधी काढला नाही. दोन हजार एक साली एकसष्टावा अंक आला. त्याच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात 'एक' असा आकडा होता. बासष्टावा अंक निघालाच नाही. दिल्लीचं ते प्रकाशन बंद पडलं.

दोन वर्षांनी अभ्रकचा कॉम्प्युटर गेम आला, एका सीडीवर. साधना परीक्षेचे फॉर्म भरायच्या निमित्तानं पवनीच्या सायबर कॅफेत जायची आणि अर्धा तास तो खेळायची. गेम दिसायला वाईट होता. अभ्रक चौकोनी दिसायचा आणि चालताना भिंतीत घुसायचा. पण त्याला पाच पापुद्रे होते आणि पाच गेले की खेळ संपून पुन्हा खाणीपासून सुरुवात. साधनाला हे प्रामाणिक वाटलं. आणखी एक गोष्ट तिनं शोधून काढली होती. थोडा वेळ कुठलंच बटण दाबलं नाही, तर अभ्रक जवळच्या दगडावर बसून आपल्या हातांकडे पाहायचा. एकसष्ट अंकांत तो एकदाही असा बसला नव्हता. तिथं तर दर चौकटीत काही ना काही घडावंच लागतं. कॉमिक्सला जे जमलं नाही ते या भंगार गेमला जमलं, असं तिचं मत झालं. हे मनिषला सांगायला हवं असं तिला वाटलं, पण सांगायला आता पान नव्हतं.

पुढच्याच वर्षी वडील गेले, मग नोकरी, मग आईची खाट. त्या अठरा वर्षांत ताईंनी आईला भरवताना, कूस बदलताना, कपडे धुताना मनातल्या मनात मनिषशी वाद घातला. तो नेहमी मोजण्याच्या बाजूनं बोलायचा. त्या नेहमी उलट बोलायच्या. कधी कधी तो इतकं नेमकं बोलायचा, की त्या दोन दिवस गप्प राहायच्या.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आसपास अभ्रकचा नवा गेम फोनवर आला. कोणीतरी जुने हक्क विकत घेतले होते. ताईंनी त्याच दिवशी तो उतरवला. चित्रं सुंदर होती. अभ्रकच्या अंगावर ऊन पडलं की तो खरंच अभ्रकासारखा चमकायचा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पहिली मारामारी झाली, पापुद्रे संपले आणि फोनवर अक्षरं उमटली, की तीस सेकंदांची जाहिरात पाहा आणि सगळे पापुद्रे परत मिळवा.

ताईंनी जाहिरात पाहिली. साबणाची होती. पापुद्रे परत आले.

त्या रात्री न जेवताच झोपल्या. दुसऱ्या दिवशी गेमबद्दल कोण काय म्हणतं ते यूट्यूबवर शोधलं. एका मुलानं गेमचं भरभरून कौतुक केलेला व्हिडिओ होता. त्याखाली ताईंनी हिंदीत लिहिलं. लिहिता लिहिता ते बरंच लांबलं. चित्रं चांगली म्हणजे गोष्ट चांगली असं नव्हे. ज्याची कातडी जाहिरात पाहून परत येते, तो कशाला थांबेल आणि कशाला विचार करेल? अडतिसाव्या अंकातला अभ्रक या गेममध्ये असता तर त्यानं भस्मकला वाचवलं काय आणि सोडलं काय, सारखंच. तुम्ही खेळ सोपा केला नाही, त्या माणसाला हलका केला. आणि शेवटी सवयीनं लिहिलं, 'साधना, आसगाव, जि. भंडारा'.

खाली काही मुलांनी आंटी, शांत व्हा, असं लिहिलं. एकानं हसणारी तोंडं टाकली. आठ दिवसांनी आणखी एक उत्तर आलं. 'नमस्कार. मी डिंपल, गोंदियाला शिकते. माझे बाबा बपेऱ्याचे मनिष. बाबा म्हणायचे की त्यांची पत्रं कॉमिक्समध्ये छापून यायची आणि आसगावच्या एका मुलीसोबत भांडण चालायचं. त्या तुम्हीच का?'

ताईंनी ते तीनदा वाचलं आणि मग 'हो' एवढंच लिहिलं.

डिंपलनं नंबर दिला. फोनवर मनिष मोकळं बोलला. "या ना जी बपेऱ्याले. बायको पण म्हणून राहिली का बोलवा त्याहिले. डिंपल तं मागेच लागली आहे."

जानेवारीतल्या एका रविवारी ताई निघाल्या. पिशवीत अडतीस, बेचाळीस आणि सेहेचाळीस नंबरचे अंक, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. पवनीहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तिथून सिहोऱ्याच्या पुढे बपेरा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापलेल्या शेतांच्या बांध्यांत लाखोरीचं कडधान्य फुललं होतं. बसमध्ये त्यांनी मनात सगळं जुळवून ठेवलं. आधी गेमबद्दल विचारायचं, मग सीडीवरच्या गेमबद्दल सांगायचं, मग अडतिसावा अंक.

मनिष सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा, अंगानं भरलेला, केस मागे गेलेले. घरची शेती आणि गावात धान भरडायची छोटी गिरणी. बायको रीतानं हात धरूनच ताईंना घरात नेलं. डिंपल परीक्षेमुळे गोंदियालाच होती. जेवायला लाखोरीच्या डाळीचे वडे होते. जेवण झाल्यावर ताईंनी पिशवीतून अंक काढून चटईवर ठेवले.

मनिषनं एक उचलला, चाळला. "बापरे, कागद किती पातळ होता ना," तो म्हणाला.

"हा अडतिसावा आहे," ताई म्हणाल्या. "खाणीत पाणी घुसते तो."

"हव हव. आठवते थोडं थोडं."

"फोनवरचा गेम पाहिला का तुम्ही?"

"डिंपलनं दाखवला. चांगला आहे जी. चित्रं भारी आहेत. टाइमपास होते."

"पण त्यात पापुद्रे परत येतात."

"येऊ दे ना. लेकरांचा खेळ आहे तो, लवकर संपला तं रडतीन." तो हसला.

ताईंनी बेचाळिसावा अंक उघडून त्याचंच पत्र त्याच्यासमोर धरलं. त्यानं चष्मा लावला, वाचलं आणि पुन्हा हसला, या वेळी जरा लाजून.

"मी लिहिलं होतं असं? जो मोजत नाही तो येडा?"

"तुम्हीच. अन् सेहेचाळिसाव्यात लिहिलं, का एक पापुद्रा वाया गेला म्हणजे पुढच्या एका माणसाचा जीव गेला. मी त्यावर लय विचार केला. म्हटलं, तुमच्या बोलण्यात दम आहे. म्हणजे मले पटत नाही, पण दम आहे."

"नाही जी ताई," मनिष म्हणाला. "तुमचंच बरोबर होतं. माणूस मरत असला तं वाचवलंच पाहिजे ना. कोणी का असेना. मी तेव्हा लेकरू होतो, लिहिलं असंन काहीबाही."

"पण त्यानं पुढं गाव जाळलं. तुम्हीच म्हणलं होतं."

"तं काय झालं. तुमचंच बरोबर."

तो मनापासून बोलत होता. ताईंना त्यात खोट सापडेना. त्यांनी माहेरी गेलेल्या बायकोचं, सीडीवरच्या गेमचं, दगडावर बसणाऱ्या अभ्रकचं सांगायला सुरुवात केली. मनिषनं मान डोलावून ऐकलं, "वा," म्हणाला, आणि तेवढ्यात गिरणीवरून बोलावणं आलं. पट्टा तुटला होता. "तुम्ही बसा, मी हा आलोच," म्हणून तो गेला. तासाभरानं त्याचा फोन आला, की अजून वेळ लागेल आणि ताईंची चारची बस चुकायला नको.

ताईंनी अंक पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळले. त्यांना राग आला नव्हता. ज्या माणसाशी त्या अठरा वर्षं बोलत होत्या तो या घरात राहत नव्हता, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं. आणि आता आसगावला गेल्यावरही तो तिथं असणार नाही.

रीता त्यांना बसपर्यंत सोडायला आली. थांब्यावर दुसरं कोणी नव्हतं.

"मी तं कधी ते पुस्तक वाचलं नाही," रीता म्हणाली. "पण तुम्ही बोलून राहिल्या होत्या तं आतून ऐकत होती. शेवटी काय झालं त्या माणसाचं?"

"शेवट आलाच नाही. एकसष्ट नंबरवर बंद पडलं. शंभरातला एकच पापुद्रा राहिला होता त्याच्यापाशी."

रीतानं विचार केला. "मंग तो आता काय करत असंन?"

हे ताईंना आजवर कोणी विचारलं नव्हतं. "मले वाटते, कोणीतरी संकटात सापडंन त्याची वाट पाहत असंन," त्या म्हणाल्या.

"काहून? मी असती तं ठेवून देती तो."

"कोणासाठी?"

"कोणासाठी काय? आपल्यासाठी. शंभरातले नव्याण्णव लोकांवर गेले. एक राहिला अंगावर तं कोणाचं काय जाते?"

"मंग तो हिरो कसा राहीन?"

"नाही राहणार. घरी जाईन. बायको माहेरी गेली म्हणता ना, तिले आणंन."

ताईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोच बस आली. रीतानं खिडकीतून वड्यांचा डबा आत दिला आणि म्हणाली, "डबा परत द्यायची घाई नाही."

तुमसर येईपर्यंत ताई चिडलेल्या होत्या. ही बाई, जिनं एक पान वाचलं नाही, ती असं कसं म्हणते? शेवटचा पापुद्रा स्वतःसाठी ठेवायचा तर मग सगळी गोष्टच बुडाली. अभ्रक म्हणजे तोच, ज्याच्याजवळ असेल ते देऊन टाकतो. भंडाऱ्याला बस बदलताना त्यांना एक चांगला मुद्दा सापडला. अड्याळ गेल्यावर त्यातली चूकही सापडली. घरी पोचल्या तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. कुलूप उघडून दिवा लावला, पोस्टाची खोली ओलांडून आत गेल्या आणि आईच्या रिकाम्या खाटेवर तशाच बसून राहिल्या. मनिषशी बोलावं म्हटलं तर तो आता काही बोलत नव्हता. कितीही डिवचलं तरी 'तुमचंच बरोबर' एवढंच म्हणत होता.

पुढचा महिना ताईंना फार जड गेला. पोस्टात माणसं येत, अंगठे लावत, जात. शेजारच्या शकुनबाईंनी एकदा विचारलंही, "तब्येत बरी नाही का? आवाज बसल्यासारखा वाटते." ताई म्हणाल्या, बरी आहे. खरं म्हणजे दिवसभरात त्या इतकं कमी बोलत, की संध्याकाळी स्वतःचा आवाज त्यांनाच ओळखीचा वाटत नसे. फोनवरचा गेम त्यांनी काढून टाकला. चिडून नव्हे. उघडावासाच वाटेना.

मार्चमध्ये त्यांनी रीताला पत्र लिहिलं. अंतर्देशीय पुरलं नाही म्हणून चार पानं आणि पाकीट. आधी अभ्रकची सगळी गोष्ट थोडक्यात सांगितली, म्हणजे तिला कुठं अडायला नको. बायकोबद्दल रीतानं बरोबर ओळखलं, हे मान्य केलं. मग लिहिलं, की शेवटचा पापुद्रा ठेवून द्यावा हे मात्र मला पटत नाही, आणि का पटत नाही ते तीन पानं भरून लिहिलं. लिहिताना आईचा आणि तिच्यावर खर्चलेल्या अठरा वर्षांचा विषय कसा आला ते त्यांना कळलं नाही. खोडावं असं एकदा वाटलं, पण खोडलं नाही. आपल्याच हातानं शिक्का मारला आणि थैलीत टाकलं.

एप्रिल गेला. मेमध्ये अमर चार दिवस येऊन गेला, 'ताई, पुण्याला ये,' म्हणाला, त्या 'पाहू' म्हणाल्या. बपेऱ्याहून काही आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं ताईंना एकदाही वाटलं नाही. टपाल कसं जातं ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, बाबूलाल नावाचे म्हातारे पेन्शनसाठी अंगठा लावत असताना फोन वाजला. रीता होती. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"तुमचं पत्र कधीचं आलं जी. वाचायले वेळच नव्हता, मंग दोनदा वाचलं."

"बरं," ताई म्हणाल्या.

"मले नाही पटलं तुमचं."

ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "काहून नाही पटलं?"

"ते असं फोनवर नाही सांगता येणार. लंबं आहे. अन् तुमच्या मायबद्दल जे लिहिलं ना, तिथंच तुमचं चुकते." पलीकडे कोणीतरी हाक मारली. "थांबा, भात लागंन. करतो मी फोन मंग."

फोन ठेवला गेला. बाबूलाल अंगठा यंत्रावर तसाच दाबून बसले होते. "झालं का मॅडम?" त्यांनी विचारलं.

"ठसा नाही आला बाबा. पुसून पुन्हा लावा," ताई म्हणाल्या आणि त्यांचं बोट रुमालानं कोरडं करून दिलं.

त्या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. रीताचा फोन अजून आलेला नाही. धानाच्या रोवणीचे दिवस आहेत, तिकडे कोणाला फुरसत असणार, असं ताई म्हणतात. पण दीडला दार लावल्यावर त्या टेबलाशी थोडा वेळ बसतात. कोऱ्या कागदाच्या एका बाजूला रीता काय म्हणेल ते लिहितात, दुसऱ्या बाजूला आपण काय म्हणू ते. रीताची बाजू अजून अर्ध्यावरच आहे. ती बाई पुढं काय बोलेल, याचा त्यांना अंदाजच येत नाही.